कॉर्नेलिया सोराबजी : सनदेसाठी बावीस वर्षे

जुन्नरच्या न्यायालयात किंवा आंबेगाव तालुक्यासाठी घोडेगावला असलेल्या न्यायालयात रोज जी प्रकरणे पुकारली जातात, त्यांपैकी बरीचशी जमिनीची असतात. बांध कोरल्याचा दावा, वाटपाचा दावा, सातबाऱ्यावरील नोंदीचा वाद, बहिणीने सही करून दिलेल्या हक्कसोडपत्राची तक्रार, अशी ही नित्याची कामे. पक्षकाराच्या वतीने न्यायाधीशांपुढे उभा राहणारा वकील कायद्याची पदवी घेतलेला असतो. पण केवळ त्या पदवीच्या बळावर त्याला उभे राहता येत नाही. त्याचे नाव बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा या संस्थेच्या यादीत असावे लागते. त्या नोंदणीलाच आपल्याकडे सनद म्हणतात. यादीत नाव घ्यावयाचे की नाही हे ही संस्था ठरवते. वकिलाने गैरवर्तन केल्याची तक्रार आली तर तिच्या शिस्तपालन समितीपुढे चौकशी होते. आरोप सिद्ध झाल्यास समज देण्यापासून सनद काही काळ स्थगित करण्यापर्यंत, आणि शेवटी यादीतून नाव काढून टाकण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

व्यवसायावर नियंत्रण ठेवणाऱ्या अशा संस्थांविषयी सामान्य वाचकाला एरवी फारसे कुतूहल नसते. वकील पैसे घेऊन तारखेला आलाच नाही, तेव्हाच त्यांची आठवण होते. परंतु अपात्र माणसाला दाराबाहेर ठेवण्याचा जो अधिकार या संस्थांना असतो, त्याच अधिकाराने सर्वार्थाने पात्र असलेल्या माणसालाही बाहेर ठेवता येते. पुण्यात वाढलेल्या आणि डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना तसे बाहेर ठेवले गेले. वकिलीची परीक्षा १८९९ मध्ये उत्तीर्ण होऊनही त्यांचे नाव यादीत लागले ते १९२१ मध्ये.

कॉर्नेलिया यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे जन्माने पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. आई फ्रान्सिना यांना लहानपणी फोर्ड या इंग्रज दांपत्याने दत्तक घेतले होते. त्या दांपत्यातील लेडी कॉर्नेलिया फोर्ड यांचे नाव मुलीला दिले गेले. कुटुंब काही काळ बेळगावला राहिले व पुढे पुण्यात स्थिरावले. पुण्याच्या लष्कर भागात फ्रान्सिनाबाईंनी व्हिक्टोरिया हायस्कूल ही शाळा काढली आणि मराठी, गुजराती व उर्दू माध्यमाच्या मुलांसाठीही वर्ग चालविले. घरात मुली पुष्कळ होत्या. मुलींचे लग्न होईपर्यंत त्यांना कसे सांभाळावे याऐवजी त्या कोण होणार याची चर्चा या घरात होत असे. पुढे एक बहीण डॉक्टर झाली. दुसरी, सुसी सोराबजी, हिने पुण्यात सेंट हेलेना ही शाळा स्थापन केली.

फ्रान्सिनाबाईंकडे सल्ल्यासाठी नाना प्रकारच्या स्त्रिया येत. त्यांच्यापैकी एका श्रीमंत गुजराती विधवेची हकिगत कॉर्नेलिया यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. या बाईची इस्टेट तिचा कारभारी पाहत असे. बाईला वाचता येत नव्हते. कारभाऱ्याने पुढे केलेल्या कागदावर तिने विश्वासाने सही केली आणि त्या कागदाने तिची मालमत्ताच हातची गेली. परपुरुषासमोर न येण्याच्या रिवाजामुळे तिला वकिलाकडे जाता येईना, आणि वकिलाला तिच्याकडे येता येईना. अशा बायकांना उपयोगी पडायचे असेल तर कायदा शीक, असे आईने मुलीला सुचविले. तेव्हा कॉर्नेलिया वयाने लहान होत्या, पण ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही.

तो काळ पुण्यात मोठ्या खळबळीचा होता. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला होता. हुजूरपागेची शाळा १८८४ मध्ये सुरू झाली. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात निवर्तल्या. मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता; नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या त्या तरुणीच्या बाजूने आणि विरुद्ध वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरत होते. त्या खटल्यात बाजू मांडणारे वकील, निर्णय देणारे न्यायाधीश आणि बाहेर वाद घालणारे संपादक हे सगळे पुरुष होते. स्त्रीने डॉक्टर होण्याची कल्पना समाजाला हळूहळू पचत होती, कारण पडद्यातील बाईची नाडी पुरुषाने पाहू नये हे सनातन्यांनाही मान्य होते. स्त्रीने वकील होण्याची कल्पना मात्र सुधारकांच्याही मनात आलेली नव्हती. कॉर्नेलिया यांची वेगळी बुद्धी येथे दिसते. ज्या कारणाने बायकांना बाईच डॉक्टर हवी, त्याच कारणाने त्यांना बाईच वकील हवी, असा त्यांचा साधा तर्क होता.

डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. त्या वर्गात येऊ नयेत म्हणून विद्यार्थी आतून दार लावून घेत, अशी आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. पदवी परीक्षेत त्यांनी पहिला वर्ग मिळविला व मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. या यशाबद्दल इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती. ती नाकारण्यात आली. कारण एवढेच की, शिष्यवृत्ती पुरुषांसाठी होती. हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विचारला गेला, तरीही सरकार बधले नाही. मग कॉर्नेलिया अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवू लागल्या. तेथे वर्गातील सगळी मुलेच होती. वयाच्या बाविसाव्या वर्षी एक तरुणी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवते, ही त्या काळात बातमीच होती.

अखेर इंग्लंडमधील काही सहानुभूतीदारांनी निधी उभारला. लेडी मेरी हॉबहाउस यांनी त्यात पुढाकार घेतला; फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि काँग्रेसच्या आरंभीच्या इतिहासात ज्यांचे नाव येते ते सर विल्यम वेडरबर्न यांनीही हातभार लावला. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरविल हॉलमध्ये दाखल झाल्या. तेथे बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनी त्यांच्या कायद्याच्या अभ्यासाला पाठबळ दिले. बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही परीक्षा तोपर्यंत कोणत्याही स्त्रीने दिली नव्हती. परीक्षेच्या तोंडावर विद्यापीठाने विशेष ठराव करून त्यांना पुरुषांबरोबर बसण्याची परवानगी दिली आणि १८९२ मध्ये त्या ती परीक्षा उत्तीर्ण झाल्या. वर्ग तिसरा मिळाला, याची त्यांना खंत वाटली. पदवी तर मिळालीच नाही. ऑक्सफर्ड त्या वेळी स्त्रियांची परीक्षा घेई, निकाल लावी, परंतु पदवी देत नसे. स्त्रियांना पदवी देण्याचा निर्णय त्या विद्यापीठाने १९२० मध्ये घेतला.

परीक्षेनंतर त्या लंडनच्या लिंकन्स इन फील्ड्स या भागातील ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटर पेढीत काम शिकू लागल्या. येथे इंग्लंडमधील वकिली व्यवसायाची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. तेथे वकिलांचे दोन वर्ग आहेत. सॉलिसिटर पक्षकाराला भेटतो, त्याची हकिगत ऐकून घेतो, मृत्युपत्रे व खरेदीखते तयार करतो, खटल्याची कागदपत्रे जुळवतो. बॅरिस्टर ती कागदपत्रे हाती घेऊन न्यायालयात युक्तिवाद करतो. बॅरिस्टर होण्यासाठी लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या चार इन्सपैकी एकीने प्रवेश द्यावा लागे. सॉलिसिटरांची शिखर संस्था म्हणजे लॉ सोसायटी. १८२५ मध्ये तिची मुहूर्तमेढ झाली आणि १८३१ मध्ये तिला राजाची सनद मिळाली. खालच्या प्रतीचे समजले जाणाऱ्या अॅटर्नींच्या धंद्याला प्रतिष्ठा मिळवून देणे, लबाड माणसांना त्यातून हुसकावणे आणि नव्यांची परीक्षा घेणे हे तिचे काम. ते तिने चोख केले, हे तिच्या टीकाकारांनाही मान्य करावे लागेल. उमेदवारी, परीक्षा, नोंदणी, हिशेबातील शिस्त, तक्रारींची चौकशी या आजच्या व्यवस्थेतील बऱ्याच गोष्टींची घडी त्या काळात बसली.

ली अँड पेम्बर्टनमध्ये कॉर्नेलिया यांना दस्तऐवज लिहिण्याचे उत्तम शिक्षण मिळाले. लिंकन्स इनच्या ग्रंथालयात वाचण्याची खास परवानगीही मिळाली; ती मिळालेली ती पहिली स्त्री. पण ग्रंथालयात बसून वाचणे निराळे आणि इनचे सदस्य होणे निराळे. पेढीत काम शिकणे निराळे आणि लॉ सोसायटीच्या परीक्षेला बसून सॉलिसिटर होणे निराळे. सौजन्य भरपूर, हक्क शून्य, अशी ती परिस्थिती होती. १८९३ मध्ये त्या हिंदुस्थानात परतल्या.

मुंबई इलाख्यातही हीच दुहेरी रचना अवतरली होती. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार अॅटर्नीकडे म्हणजे सॉलिसिटरकडे जाई, आणि अॅटर्नी बॅरिस्टरला काम देई. या अॅटर्नी मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही आपली संस्था स्थापन केली. मुंबईबाहेर, म्हणजे पुणे, सातारा, नगर येथील न्यायालयांत, काम चाले ते प्लीडर, वकील आणि मुखत्यार यांच्यामार्फत. त्यांना सनद देण्याचा किंवा ती काढून घेण्याचा अधिकार हायकोर्टाकडे होता. आजच्यासारखी वकिलांनी निवडलेली परिषद तेव्हा नव्हती. न्यायाधीशच द्वारपाल होते.

या दाराला एक लहानशी खिडकी होती, ती कॉर्नेलिया यांनी शोधून काढली. फौजदारी प्रक्रिया संहितेत प्लीडर या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात न्यायालयाच्या परवानगीने नेमलेल्या अन्य कोणत्याही व्यक्तीचा समावेश होत असे. या तरतुदीचा आधार घेऊन १८९६ मध्ये त्या पुण्याच्या न्यायालयात खुनाच्या आरोपातील एका बाईच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. ब्रिटिश न्यायाधीशापुढे स्त्रीने वकील म्हणून उभे राहण्याचा साम्राज्यातील हा पहिला प्रसंग मानला जातो. तो लंडनला किंवा कलकत्त्याला न घडता पुण्यात घडला, हे पुणे जिल्ह्यातील वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या काळी जुन्नर-खेडकडील खुनाचे खटलेही याच सेशन्स कोर्टापुढे चालत असत.

तथापि, एका खटल्यापुरती मिळालेली परवानगी म्हणजे सनद नव्हे. पुढच्या खटल्यात न्यायाधीशाने नकार दिला तर दाद मागण्याची सोय नव्हती. काठेवाड व मध्य हिंदुस्थानातील संस्थानी एजन्सींच्या न्यायालयांत त्यांना काम करता येई, पण तेथील न्यायाचे स्वरूप संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून असे. तेथील एका गमतीदार दाव्याची हकिगत त्यांनी सांगितली आहे. दावा होता एका हत्तीच्या वतीने, त्याच्या खाण्यासाठी पूर्वी लावून दिलेल्या उत्पन्नाबद्दल, आणि तोही खुद्द राजाविरुद्ध. न्यायाधीशाच्या जागी राजाच बसला होता. त्याच्या कुत्र्याला वकीलबाई आवडल्या म्हणून त्याने निकाल हत्तीच्या बाजूने देऊन टाकला. हसण्यासारखीच गोष्ट आहे; पण ज्या बाईने ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केला, तिला कुत्र्याच्या पसंतीवर खटला जिंकावा लागला, हे तिला स्वतःला फार हसण्यासारखे वाटले नसावे.

सनद मिळावी म्हणून त्यांनी परीक्षांचा सपाटा लावला. मुंबई विद्यापीठाची एलएल. बी. परीक्षा दिली. भाऊ अलाहाबादला बॅरिस्टर होता. तेथील हायकोर्टाची वकिलीची परीक्षा १८९९ मध्ये उत्तीर्ण केली. आता पात्रतेत कोणतीही उणीव उरली नव्हती. अलाहाबादच्या न्यायाधीशांनी तरीही नाव नोंदवून घेण्यास नकार दिला. त्या वेळी तेथील मुख्य न्यायाधीश होते सर आर्थर स्ट्रेची. मराठी वाचकाला हे नाव निराळ्या कारणाने माहीत आहे. १८९७ मध्ये मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला, तो यांच्याचपुढे. आणि राजद्रोहाच्या कलमाचा त्यांनी ज्युरीला सांगितलेला व्यापक अर्थ पुढे कितीतरी वर्षे वादाचा विषय झाला होता.

नकारानंतर कॉर्नेलिया यांनी मार्ग बदलला. न्यायालयाचे दार उघडत नसेल तर सरकारी खात्यात शिरून तेच काम करावे, असे त्यांनी ठरविले. पडदानशीन स्त्रियांसाठी कायद्याचा सल्लागार स्त्रीच असावी, अशी मागणी त्यांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे आणि विलायतेतील वर्तमानपत्रांतून लावून धरली. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. जमीनदार मरण पावला आणि मागे अज्ञान मुलगा किंवा विधवा उरली, तर इस्टेटीचा कारभार सरकारतर्फे पाहणारे हे खाते. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे होता. होडीतून, पालखीतून, कधी हत्तीवरून त्या दूरदूरच्या वाड्यांत पोचत.

तेथे काम काय असे? विधवेला तिच्या हक्काची पोटगी मिळते की नाही हे पाहणे, वारस मुलाच्या जिवाला भाऊबंदांकडून धोका असेल तर त्याला सुरक्षित ठिकाणी हलविणे, मुलांच्या शिक्षणाची व्यवस्था लावणे, सासू-सुनांचे आणि सवती-सवतींचे तंटे मिटविणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणताही कागद बाईपुढे सहीसाठी आला तर त्यात काय लिहिले आहे हे तिला तिच्या भाषेत समजावून देणे. पडदानशीन स्त्रीने करून दिलेला दस्त तिला नीट समजला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर असते, असे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने घालून दिले होते. तत्त्व चांगलेच होते. पण ते सांगायला बाईपर्यंत पोचणार कोण? वाड्याच्या आतल्या दालनापर्यंत फक्त स्त्रीच जाऊ शकत होती. या नोकरीच्या काळात सहाशेहून अधिक स्त्रिया व मुलांना त्यांचे साहाय्य झाले, असे सांगितले जाते. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. सनद मात्र दिली नाही.

आज पडदानशीन हा शब्द आपल्या भागात जुना वाटेल. पण वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिल्यानंतरही तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत बहिणींच्या सह्यांची हक्कसोडपत्रे नोंदली जातच आहेत. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावच्या जमिनींचे मोल वाढले, तसे त्या सहीचेही मोल वाढले. सही करणाऱ्या प्रत्येकीला कागदातील मजकूर कोणी समजावून दिला असेल, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. कॉर्नेलिया यांचे काम समजून घेण्यासाठी बंगालपर्यंत जाण्याची फारशी गरज नाही, एवढ्यासाठी हा उल्लेख.

इकडे त्या बंगालमध्ये फिरत असताना तिकडे लंडनमध्ये लॉ सोसायटीच्या दारावर नव्याने थाप पडली. ग्वेनेथ बेब ही ऑक्सफर्डमध्ये कायद्याचा अभ्यास केलेली तरुणी आणि तिच्या तीन मैत्रिणी यांनी सोसायटीच्या प्रवेश परीक्षेस बसण्यासाठी अर्ज केले. सोसायटीने ते परत केले. परीक्षा उत्तीर्ण झाल्या तरी त्या स्त्रिया असल्याने त्यांना सॉलिसिटर म्हणून नोंदवता येणार नाही, अशी तिची भूमिका होती. बेब न्यायालयात गेल्या. सॉलिसिटरविषयक १८४३ च्या कायद्यात व्यक्ती असा शब्द आहे, पुरुष असा नव्हे; शिवाय पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात असे त्याच कायद्यात म्हटले आहे, हा त्यांचा मुद्दा होता. वाचणाऱ्या कोणालाही तो बिनतोड वाटेल. १९१३ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि नंतर अपील न्यायालयाने तो फेटाळला. आजवर एकही स्त्री अॅटर्नी झालेली नाही, सतराव्या शतकातील कायदेपंडित कोक यांचेही मत तसेच आहे, म्हणून कायद्यातील व्यक्ती या शब्दात स्त्री येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. कधी झाले नाही म्हणून आता होऊ देणार नाही, आणि होऊ दिले नाही म्हणून कधी झाले नाही, हे वर्तुळ न्यायमूर्तींना खटकले नाही.

या निकालाची झळ हिंदुस्थानाला लागली. रेजिना गुहा या बंगाली तरुणीने प्लीडर म्हणून नोंदणीसाठी अर्ज केला, तेव्हा १९१६ मध्ये कलकत्ता हायकोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी बेब प्रकरणाचा आधार घेऊन तो नामंजूर केला. लंडनच्या सॉलिसिटरांच्या संस्थेने घेतलेली भूमिका अशी हुगळीच्या काठावर कायदा होऊन बसली. पुढे पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांनाही १९२१ मध्ये असाच नकार मिळाला.

दरम्यान पहिले महायुद्ध होऊन गेले होते. युद्धकाळात पुरुषांची कामे स्त्रियांनी केली होती आणि इंग्लंडमध्ये त्यांना मतदानाचा हक्कही मिळू लागला होता. १९१९ च्या अखेरीस पार्लमेंटने कायदा करून लिंगभेदाच्या कारणावरून व्यवसाय नाकारण्याची तरतूद रद्द केली. १९२२ मध्ये कॅरी मॉरिसन या इंग्लंडच्या पहिल्या महिला सॉलिसिटर झाल्या. ग्वेनेथ बेब यांना स्वतःला ते भाग्य लाभले नाही. बॅरिस्टर होण्याच्या मार्गावर असतानाच १९२१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव वकिलांच्या यादीत घेतले. कायदा बदललेला नव्हता. ज्या नियमांखाली १८९९ मध्ये नकार मिळाला होता, त्यांचाच अर्थ आता न्यायाधीशांनी निराळा लावला. पाटण्याचा नकार याच्यानंतर काही महिन्यांनी आला. म्हणजे गंगेच्या काठच्या एका हायकोर्टात स्त्री वकील होऊ शकत होती आणि त्याच नदीवर खाली असलेल्या दुसऱ्या हायकोर्टात होऊ शकत नव्हती. हा घोळ संपविण्यासाठी मध्यवर्ती कायदेमंडळाने १९२३ मध्ये लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) अॅक्ट संमत केला. केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही सनद नाकारता येणार नाही, एवढेच त्या छोटेखानी कायद्याचे सार. मुंबईत याचा लाभ मिठन टाटा यांना झाला. त्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर होऊन आल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. मिठन लाम या नावाने पुढे त्या मुंबईच्या शेरीफही झाल्या.

कॉर्नेलिया स्वतः १९२२ मध्ये ऑक्सफर्डला जाऊन तीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेची पदवी घेऊन आल्या. १९२३ मध्ये लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले. त्यांचे वय तेव्हा छप्पन्न होते. या वयात वकिलाच्या नावाचा दबदबा असावयाचा, त्या वयात त्यांनी कलकत्ता हायकोर्टात पाटी लावली. येथे त्यांना व्यवसायाचा दुसरा, न दिसणारा उंबरठा लागला. बॅरिस्टरला काम मिळते ते सॉलिसिटरकडून, आणि पुरुषांच्या त्या व्यवसायात स्त्री बॅरिस्टरला न्यायालयात उभे करण्याची फारशी कोणाची तयारी नव्हती. त्यांच्याकडे मुख्यतः लेखी अभिप्राय देण्याची कामे आली. युक्तिवादाची संधी मिळाली नाही. सनद देणे संस्थेच्या हाती असते, काम देणे नसते. १९२९ मध्ये त्यांनी कलकत्ता सोडले व त्या लंडनला स्थायिक झाल्या.

त्यांच्या राजकीय मतांविषयी लिहिल्याशिवाय हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. ब्रिटिश राज्य हिंदुस्थानच्या हिताचे आहे, असे त्या अखेरपर्यंत मानत. गांधीजींच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. कॅथरिन मेयो या अमेरिकन लेखिकेचे मदर इंडिया हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले व त्याने देशभर संतापाची लाट उसळली, तेव्हा कॉर्नेलिया मेयोबाईंच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्याची किंमत त्यांना चुकवावी लागली. देशातील स्त्री कार्यकर्त्या त्यांच्यापासून दुरावल्या, त्यांनी आरंभलेल्या समाजकार्याला खीळ बसली, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांचे नाव घेण्याचे कोणाला कारण उरले नाही. ज्या इंग्रज व्यक्तींनी त्यांना मदत केली त्यांच्यावरून त्यांनी इंग्रजी राज्याची पारख केली असे दिसते. त्या राज्याच्या संस्थांनी त्यांना तीस वर्षे दाराबाहेर ठेवले, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही. मांडला असता तर कदाचित निराळ्या निष्कर्षाला आल्या असत्या. त्यांच्या मतांशी सहमत होणे आज कठीण आहे. पण ज्या विधवांच्या सह्या त्यांनी थोपवून धरल्या, त्यांच्या दृष्टीने या मतांना काडीचेही महत्त्व नव्हते, हेही खरे.

लेखन त्यांनी विपुल केले. पडद्यातील स्त्रियांच्या कथा, आईवडिलांचे चरित्र, बहीण सुसीचे चरित्र, १९३४ चे इंडिया कॉलिंग हे आत्मचरित्र आणि दोन वर्षांनी आलेले इंडिया रिकॉल्ड ही त्यांची पुस्तके इंग्रजीत आहेत. दृष्टी अधू होत गेली. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

हिंदुस्थानातील वकिली व्यवसायाची घडी त्यांच्या हयातीत आणि नंतर पुष्कळ बदलली. १९२६ च्या कायद्याने हायकोर्टांच्या ठिकाणी बार कौन्सिले स्थापन झाली. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने वकील, प्लीडर, मुखत्यार हे भेद मोडीत काढून सर्वांची एकच यादी केली आणि ती सांभाळण्याचे काम वकिलांनी निवडून दिलेल्या राज्य परिषदांकडे सोपविले. १९७६ च्या दुरुस्तीने अॅटर्नी हा स्वतंत्र वर्गही कायद्यातून गेला. मुंबईची लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा मात्र त्यानंतरही घेत राहिली. २०१२ मध्ये लंडनच्या लिंकन्स इनमध्ये कॉर्नेलिया सोराबजी यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. त्यांना फक्त वाचनाची परवानगी मिळाली होती, ते ग्रंथालय त्याच आवारात आहे.